१६७९ला जाणारी होडी

शुक्रवारची रात्र. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणं आटोपली आहेत आणि तुम्ही लॅपटॉप उघडून माल्टाच्या यॉटी बघत बसला आहात. पांढरीशुभ्र बोट, तीन केबिन, डेकवर गाद्या, भाडं शनिवार ते शनिवार. कप्तान हवा असेल तर त्याचे पैसे निराळे. व्हॅलेटाच्या तटाखालून बोट संध्याकाळी बंदरात शिरते तो व्हिडिओ तुम्ही पुन्हा लावता. आतून आवाज येतो, "उद्या आयएनएला लवकर जा, पापलेट संपतं." दिल्लीतल्या मराठी माणसाच्या वाट्याचा समुद्र तो एवढाच, आयएनए मार्केटातल्या बर्फावर निजलेला.

यॉटवाल्याला अजून पैसे भरू नका. तुम्हाला हवंय काय? एक बेट, त्याला तटबंदी, वर दीपगृह, जायला भाड्याची बोट आणि परत आल्यावर ऑफिसात सांगायला एक गोष्ट. हे सगळं निजामुद्दीन स्टेशनपासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. बेटाचं नाव खांदेरी. अट एकच. थळच्या किनाऱ्यापुढचं पाणी तुम्ही आजच्या काळात ओलांडायचं नाही.

मुंबईपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. गेटवेला उतरलात की तिथेही तुम्हाला तासावर भाड्याने मिळणाऱ्या यॉटी दिसतील आणि हात शिवशिवतील. घेऊ नका. तिला खोल पाणी लागतं, उतरायला धक्का लागतो आणि तिच्यावर बसलेल्या माणसाला पाण्याकडे बघायचं कारण उरत नाही. साधी मांडव्याची लाँच धरा, तासाभरात पलीकडे उतरा आणि रिक्षाने थळ गाठा. अलिबागच्या उत्तरेचं हे कोळीवाड्याचं गाव. किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात. जवळची बसकी ती उंदेरी, तिच्यामागे दोन टेकाडांची ती खांदेरी.

होडीचा तांडेल तुमच्याकडे आणि तुमच्या बॅगेकडे बघतो. "आत्ता नाही, दादा. पाणी नाही." समोर अख्खा अरबी समुद्र आणि हा म्हणतो पाणी नाही. माल्टाला हे वाक्य तुम्हाला कधीच ऐकू आलं नसतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच असते, बहुतेक ठिकाणी वीतभर-दोन वीत. तिथला यॉटवाला पंचांग न बघता नांगर उचलतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. सकाळी जिथे होडी तरंगत होती तिथे दुपारी पोरं क्रिकेट खेळतात. तेव्हा वाळूत बसा. सूर्य बुडेपर्यंत बसा.

अंधार पडला की एकेक दिवा मोजा. उजवीकडे उत्तरेला क्षितिजावर जो तांबूस उजेड आहे ती मुंबई. मागे झगमगतोय तो आरसीएफचा खत कारखाना. समोर ठराविक वेळाने उघडमीट करणारा डोळा म्हणजे खांदेरीचं दीपगृह. आता बघत राहा. आधी कारखाना विझतो, आवाजासकट. मग मुंबई मावळते आणि त्या जागी इतके तारे येतात की दिल्लीत गेलेली वर्षं तुम्हाला एकदम आठवतात. शेवटी समोरचा डोळा मिटतो आणि उघडत नाही. खिशातला फोन गेलाय, खिसाही गेलाय. कमरेला धोतर, अंगात बंडी, पायात काही नाही.

सन १६७९. इंग्रजांच्या त्या वेळच्या कॅलेंडराने ऑक्टोबरची सतरा तारीख. आपल्याकडे आश्विनातला वद्य पक्ष, अष्टमीच्या आसपासची रात्र. दिवाळी आठवड्यावर आली आहे.

"बस आत," तांडेल म्हणतो. माणूस निराळा आहे, पण बघण्याची रीत तीच. तुमची पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतली मराठी त्याच्यापुढे काढू नका. त्याला ती भटाभिक्षुकाची वाटेल आणि त्याची निम्मी तुम्हाला कळणार नाही. हाताची भाषा पुरते. होडी लांबट, उथळ, आठ वल्ह्यांची. मध्ये तांदळाची पोती, सुक्या बोंबलांचे भारे, बाणाच्या भात्यांसारखे दिसणारे पण हाताला जड लागणारे दारूचे बुधले, दोन पहारी आणि एक म्हातारा पाथरवट. तो आपल्या छिन्न्या कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला आहे. तुमची जागा त्याच्या शेजारी, पोत्यांच्या खाचेत.

निघण्याची वेळ कोणी घड्याळ बघून ठरवलेली नाही, आणि तरी ती अचूक आहे. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीचे सहा. म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास पाणी भरलं, आता ओहोटी लागली आहे आणि ती होडीला आपसूक समुद्राकडे नेणार. शिवाय अष्टमीला भांग असतो, पाण्याची ओढ बेताची, खडकांवर आपटायची भीती कमी. शिवाय अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवत नाही. त्याआधी पोचायचं. तीन हिशोब एका वेळी जुळवून तो माणूस तोंडात पान चघळतो आहे.

वल्ही अडकवलेल्या दोरांच्या कड्यांकडे बघा. दोराला चिंध्या गुंडाळल्या आहेत आणि चिंध्यांना माशाचं तेल पाजलंय. लाकूड लाकडावर घासलं तर कुरकुरतं आणि रात्रीच्या पाण्यावर कुरकुर मैलभर जाते. वल्हं पाण्यात शिरताना पातं आडवं शिरतं, ओढताना उभं होतं, बाहेर निघताना पुन्हा आडवं. थेंबदेखील निथळू देत नाहीत. पातं पाण्याच्या अंगालगतच मागे नेतात. पाथरवटाला खोकला येतो. तो तोंडात छिन्न्यांचं फडकं कोंबतो.

एवढी खबरदारी कोणासाठी, ते आता ऐकू येतं. टण्. उत्तरेकडून, थोडं पुढून. मग बराच वेळ काही नाही, आणि मग टण् टण्. इंग्रजी जहाजावर दर अर्ध्या तासाला घंटा देतात. तुमच्याजवळ घड्याळ नाही, ते काम कंपनी सरकार करतं आहे. तांडेलही कान देऊन ऐकतो. घंटा कुठल्या अंगाने आणि किती लांबून आली त्यावरून त्याला कळतं की जहाजाने जागा सोडलेली नाही. शत्रूच्या शिस्तीचा असा उपयोग करणारा माणूस मला फार आवडतो.

तिथे नांगरून उभं आहे ते 'रिव्हेंज', फ्रिगेट जातीचं लढाऊ जहाज. त्यावर मिंचिन आणि केग्विन हे दोन कप्तान, आणि भोवती गुराबा, शिबाडं, मचवे ही लहान जहाजं. मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन अकरा वर्षं झाली आहेत. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात चार्ल्स राजाला आंदण मिळालेली ही बेटं त्याने १६६८मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली. खंड किरकोळ असला तरी बंदर किरकोळ नव्हतं, आणि त्या बंदराच्या तोंडावर खांदेरी आहे. तिच्यावर उभं राहिलं की मुंबईत शिरणारं आणि मुंबईतून निघणारं प्रत्येक शीड मोजता येतं. शिवाजी महाराजांनी १६७२च्या सुमारास एकदा इथे किल्ला बांधायला घेतला होता. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी आडवे आले. ह्या खेपेला पावसाळा पुरता सरायच्या आत माणसं उतरली. मायनाक भंडारी, त्याच्याबरोबर दीडशे माणसं, चार लहान तोफा. दगड-मातीचा आडोसा उभा करायला त्यांनी उतरल्या दिवसापासून सुरुवात केली.

इंग्रजांनी आधी समजावलं, मग धमकावलं, मग नाकेबंदी केली. सप्टेंबरच्या १९ तारखेला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प नावाचा अधिकारी वरून हुकूम नसताना माणसं घेऊन बेटावर उतरायला गेला. तो स्वतः मेला, बरोबरचे काही मेले, काही पकडले गेले, त्यांचं शिबाडही गेलं. तेव्हापासून इंग्रज लांब उभे राहतात आणि वाट बघतात. किल्ल्यात तांदूळ कधीतरी संपेलच, असा त्यांचा हिशोब.

आणि तांदळाच्या पोत्याला पाठ टेकून तुम्ही त्यांच्या अंगावरून चालला आहात.

आता वारा पडलाय. दिवसभराचा खारा वारा संध्याकाळी थकला, आणि जमिनीवरून येणारा मतलई अजून उठायचा आहे. ह्या दोन वाऱ्यांमधली ही पोकळी रोजची, आणि तीच तुमची वाट. फ्रिगेटला हालायला वारा लागतो. वारा नसेल तर सोळा तोफांचं जहाज म्हणजे पाण्यात उभी केलेली कोठी. होडीला आठ माणसांचे दंड पुरतात. शिवाय होडी दीड हात पाण्यात चालते. उंदेरीच्या आतल्या अंगाने, खडकांवरून ती जिथून निसटते तिथे फ्रिगेट दिवसाढवळ्यासुद्धा नाक घालणार नाही. इंग्रजांच्या कागदांत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते की शिवाजीच्या ह्या लहान होड्या रात्री सटकून जातात आणि आमच्या जहाजांना सापडत नाहीत. मी तर म्हणेन, खांदेरीची लढाई ह्या एका तक्रारीत संपली. बाकीचा दारूगोळा.

तुमच्या माल्टाने हेच १६७९च्याही शंभरावर वर्षं आधी पाहिलं होतं. १५६५च्या उन्हाळ्यात तुर्कांनी माल्टाला वेढा घातला आणि सेंट एल्मो नावाच्या टोकावरच्या किल्ल्यावर तोफा रोखल्या. बंदराच्या पलीकडच्या काठावरून दर रात्री होड्या निघत. ताजी माणसं, अन्न, दारू पोचवत आणि जखमींना घेऊन परतत. आठवडाभरात पडेल असं वाटलेला किल्ला त्या होड्यांच्या जिवावर महिनाभर लढला. शेवटी तुर्कांनी होड्यांची वाट तोफांच्या माऱ्यात आणली, ती बंद झाली, आणि थोड्याच दिवसांत, २३ जूनला, सेंट एल्मो पडला. व्हॅलेटाच्या टोकाला तुम्ही यॉटीतून जो किल्ला बघणार होतात तो ह्याच जागेवरचा. गाइड तिथे शूर सरदारांची नावं सांगतो. होडीवाल्यांची कोण सांगतो?

नाळ दगडाला लागते. आवाज होतो, पण तो बेटाच्या अंगाचा. दोन टेकाडांच्या मधला हा सखल भाग. कमरेइतक्या पाण्यात माणसं आधीच उभी आहेत. कोणी दिवा दाखवत नाही, कोणी हाक देत नाही. पोती डोक्यावरून डोक्यावर जातात. मायनाक भंडारी यांतला कोण, ते विचारू नका, अंधारात सगळे सारखेच काळे, सारखेच ओले. पाथरवटाला दोघांनी बखोटीला धरून उतरवलं. तो पहिली गोष्ट कुठली करतो, तर वाकून तटाचा दगड हाताने चाचपतो आणि नाराज होऊन "च्" करतो. बांधकाम घाईचं आहे. छातीइतकी भिंत, ओबडधोबड दगड एकावर एक, फटींत माती. त्याला ते पसंत नाही. पण थॉर्प ज्या भिंतीपुढे मेला ती हीच.

तुम्हाला भाकरीचा तुकडा आणि बोंबील मिळतो. पाणी मोजून. खा आणि मोठ्या टेकाडावर जाऊन पडा. पहाटे जागं व्हायचं आहे.

मध्यरात्रीनंतर अर्धा चंद्र कोकणच्या डोंगरांवर आला. पहाटे गार वाटायला लागलं म्हणजे मतलई उठला. तो जमिनीवरून तुमच्या तोंडावर येतो. त्याला ओल्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो. पाणी पुन्हा भरत आलंय. उजाडतंय. खाली उत्तरेला 'रिव्हेंज' आणि तिची पिलावळ नांगरावर झोपलेली.

आग्नेयेला, नागाव-चौलच्या किनाऱ्याच्या बाजूला, आधी तुम्हाला बगळे दिसल्यासारखं वाटतं. एक ओळ, मग तिच्यामागे दुसरी. शिडं आहेत ती. चाळीसच्या वर, कोणी पन्नास म्हणतं. महाराजांच्या दौलतखानाचं आरमार. वारा पाठीशी, भरती पोटाखाली, आणि वरून वल्ही. पुढच्या गलबतांच्या नाळेवरच्या लहान तोफा सुटतात. आधी धूर, मग तुमच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ घेऊन आवाज. इंग्रजांना नांगर ओढायलाही उसंत नाही. डेकवर माणसं धावतात, शिडं अर्धवट चढतात, कुठे दोर अडकलाय. भिंतीआडची माणसं ओरडू लागली आहेत आणि तुम्हीही. कोणाला ऐकू जाणार नाही, तरी ओरडा.

पुढचं फार झटपट होतं. 'डव्ह' नावाची इंग्रजी गुराब घेरली जाते. अर्ध्या तासाच्या आत तिचं निशाण खाली येतं आणि तिच्यावरचे लोक कैद होतात. अलिबागच्या मागे डोंगरावर सागरगड आहे, तिथे त्यांची रवानगी व्हायची आहे. हे पाहून इंग्रजांच्या बाकीच्या लहान गुराबा-मचव्यांनी शिडं फिरवली आणि त्या लांब पळाल्या. 'रिव्हेंज' एकटी उरली.

आता माझ्या मराठी वाचकाला थोडं न आवडणारं सांगतो. ती एकटी पुरून उरली. मिंचिन आणि केग्विन यांनी गलबतांना अगदी जवळ येऊ दिलं आणि मग एका अंगाच्या तोफा एकदम सोडल्या. गलबताच्या नाळेवरची तोफ आणि फ्रिगेटच्या पोटातली तोफ यांचा मेळ नाही. इंग्रज म्हणतात पाच गलबतं बुडवली. दौलतखानाचं आरमार मागे वळलं, नागोठण्याच्या खाडीकडे, उथळ पाण्यात, आणि 'रिव्हेंज'ने जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत पाठलाग केला. तुमच्या शेजारचा माणूस ओरडायचा थांबला आहे. दिवस इंग्रजांचा.

आणि रात्र? रात्री पुन्हा वारा पडला, आणि पुन्हा होडी आली. मुंबईच्या दप्तरात त्या दिवसाचा विजय लिहिलेला आहे, आणि खांदेरीवरच्या कोठारात तांदूळ आहे. दरबारी इतिहासाला विजय मोजायची सवय असल्याने तो पहिल्या नोंदीकडे आधी बघतो. केग्विनबद्दल जाता जाता: हा माणूस पुढे १६८३मध्ये कंपनीविरुद्धच बंड करून वर्षभर मुंबईचा धनी होऊन बसला. लढवय्ये लोक फार काळ कोणाचे नोकर राहत नाहीत.

पुढचे महिने पळवतो, कारण ते तुम्हाला टेकाडावर बसून सहन होणार नाहीत. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन येतो आणि खांदेरीवर गोळे टाकत राहतो. महाराज त्या सुमारास जालन्याच्या स्वारीवर. तिकडे मोगल सरदार दिलेरखानाचं दक्षिणेत थैमान, आणि युवराज संभाजीराजे नोव्हेंबरपर्यंत त्याच्या छावणीत. इतकं सगळं चालू असताना तीनेक मैल समुद्रात एका खडकावर तांदूळ पोचवायचं काम एक रात्रही थांबवायचं नाही, हे कोणीतरी ठरवलं होतं आणि ते पाळलं गेलं. १६८०च्या सुरुवातीला इंग्रज कंटाळले, तह करून जहाजं घेऊन परत गेले. सिद्दी मात्र हट्टी. खांदेरी मिळत नाही म्हटल्यावर त्याने जानेवारीत शेजारची उंदेरी घेतली आणि तिच्यावर तोफा चढवल्या. पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांच्या तोंडाकडे बघत भांडत राहिली.

आणखी थोडं पुढे सरका. १७१८, नोव्हेंबर. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठं आरमार घेऊन आलाय, आणि किल्ल्यात आता कान्होजी आंग्र्यांची माणसं आहेत. तट छातीइतका नाही, डोक्यावर गेलाय. तुमचा पाथरवट असता तर त्याने "च्" केलं नसतं. बून काही दिवस गोळे उधळतो, माणसं उतरवायचा प्रयत्न करतो आणि हात हलवत परत जातो. १८१८मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा बेट इंग्रजांना एकही गोळा न टाकता मिळालं. १८६७मध्ये त्यांनी मोठ्या टेकाडावर अष्टकोनी दीपगृह उभं केलं. ज्या बेटावरून आपली जहाजं मोजली जाण्याची त्यांना भीती होती, तिथेच त्यांनी आपल्या जहाजांसाठी दिवा लावला.

तो दिवा आता तुमच्या डोक्यावर फिरतो आहे. मागे आरसीएफ झगमगतं, उत्तरेला मुंबई तांबूस. खिशात फोन वाजला. पापलेटाचं विचारताहेत.

सकाळ होऊ द्या आणि बेट उजेडात बघा. फार मोठं नाही, फिरायला दोन तास पुरतात. तट धरून चाला. बुरूज बऱ्यापैकी शाबूत आहेत, आणि काही तोफा अजून आपल्या गाड्यांवर बसलेल्या आहेत, असं फार थोड्या किल्ल्यांवर दिसतं. एक मोठा खडक आहे, त्यावर दगडाने ठोकलं की तो भांड्यासारखा वाजतो. सगळे ठोकतात, तुम्हीही ठोका. मला विचाराल तर त्या खडकापेक्षा खाली वेताळाच्या देवळात जास्त वेळ काढा. तिथे पूजला जातो तो एक पांढरा रंगवलेला धोंडा. आसपासच्या गावांचे कोळी त्याच्या पाया पडायला होड्या घेऊन येतात. किल्ला शिवाजी महाराजांचा, मग आंग्र्यांचा, मग इंग्रजांचा, मग सरकारचा झाला. देव कोळ्यांचाच राहिला.

सरकारी कागदात बेटाचं नाव आता कान्होजी आंग्रे बेट असं आहे. थळला ते सांगून बघा, समोरचा खांदेरीच म्हणेल. आरमाराने मात्र जुनं नाव जपलं: आयएनएस खांदेरी ही पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ला नौदलात दाखल झाली, आणि ह्या नावाची ती दुसरी, पहिली १९६८मधली. लक्ष्मीबाई नगरात नौदल मुख्यालयात काम करणारे एखादे शेजारी तुम्हाला असतीलच, त्यांना नाव ठाऊक असणार. बेट पाहिलंय का ते विचारा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही. सिद्दीने बांधलेली, तेव्हा साहजिकच. पण एकीवाचून दुसरीची गोष्ट अर्धी राहते, म्हणून परतताना होडी तिच्या अंगावरून घ्यायला सांगा. खडक इतके आहेत की उतरता येईलच असं नाही.

यादीत नाव आलं की गर्दी येते, गर्दीमागून धक्का येतो आणि धक्क्यामागून सेल्फी पॉइंट. धक्का नीट व्हायला हवा, त्याला माझी ना नाही. म्हाताऱ्या माणसांनी कमरेइतक्या पाण्यात का उतरावं? पण बेटावर न्यायचं काम थळच्या होड्यांकडेच राहावं असं मला वाटतं, आणि ह्यात भाबडेपणा नाही. १६७९मध्ये ह्या किल्ल्याला जगवलं ते याच किनाऱ्यावरच्या होड्यांनी. पुरातत्त्व खातं तट सांभाळेल, युनेस्को कागद सांभाळेल. तिथपर्यंतचं पाणी ज्यांना कळतं, त्यांच्या हाती भाडं पडू द्या.

माल्टालाही जा, जरूर जा. सेंट एल्मोसमोर उभं राहिल्यावर त्या होडीवाल्यांबद्दल गाइडला विचारा. पण आधी इकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा भांगाचा दिवस धरा, पावसाळ्यात होडी जात नाही. पिण्याचं पाणी आणि डबा बरोबर न्या, कचरा परत आणा, आणि बेटावर उतरायच्या परवानगीचं काय ते आधीच विचारून ठेवा. राजधानीचं तिकीट मात्र घाईने काढू नका. पंचांग उघडा, तिथीची पाऊणपट करा, थळच्या तांडेलाला फोन करून त्याचा होकार घ्या, आणि मग रेल्वेची तारीख ठरवा.